गादी खचते तेव्हा

"मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. हो किंवा नाही. माणसाची जाणीव मेंदूच्या बाहेर असू शकते का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाईंनी हे विचारलं. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं सहसा झोपेपासून सुरुवात करतात, नाहीतर मुलांपासून. हा प्रश्न इतका थेट क्वचितच येतो. आडवळणाने मात्र बऱ्याचदा येतो, आणि तो आणणाऱ्याने बहुतेक वेळा नुकतंच कुणाला तरी गमावलेलं असतं. म्हणून ही हकिगत लिहितेय. बाईंची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई म्हणजे पदार्थविज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणत आले, दुसऱ्या भेटीपासून मीही तेच म्हणू लागले. यजमानांना जाऊन चार महिने झाले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, नऊ दिवस आयसीयूत होते, शुद्ध आलीच नाही. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी हे सुरू झालं. रात्री दिवा मालवून बाई कुशीवर वळतात, डोळा लागायच्या बेतात असतो, आणि पायाकडच्या बाजूला गादी खचते. कुणीतरी येऊन बसल्यासारखी. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. फक्त गादी खचते आणि 'हे आलेत' एवढं पक्कं कळतं.

"भीती नाही वाटत," बाई म्हणाल्या. "लाज वाटते. जन्मभर मुलांना सांगत आले, आधी पुरावा दाखवा. आणि आता रात्री मीच गादीकडे बघत बसते."

इथे मी घाई केली. आपण वेडे होत चाललो आहोत या धास्तीने त्या आल्यात असं मी गृहीत धरलं आणि धीर द्यायला लागले. १९७१ साली डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळपास असल्याचं जाणवत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. झोप आणि जाग यांच्या काठावर मेंदू स्पर्शाचे, वजनाचे भास सहज निर्माण करतो. त्यात रोगट काही नाही. हे सगळं खरंच आहे, आणि मी ते चांगल्या आवाजात सांगितलंही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ते नसतात. गोड बोलून तुम्ही तेच सांगताय ना?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून मी माझ्या सोयीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. उरलेल्या वेळात विचारायला हवं ते विचारून घेतलं. जेवण होतंय का, दिवसाची कामं होतात का, कुणाचा आवाज 'असं कर, तसं कर' म्हणून सांगतो का, आपणही जावं असं वाटतं का. शेवटच्या दोन्हींचं उत्तर 'नाही' होतं. तिथे 'हो' आलं असतं तर मी त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि ही हकिगत वेगळी झाली असती.

पुढच्या भेटीला बाई वही घेऊन आल्या. पानाच्या मधोमध पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे 'असते', उजवीकडे 'नसते'. मुलगा व्हिडिओ पाठवत होता, 'मृत्यूनंतरही जाणीव असते, विज्ञानाने सिद्ध केलं' छापाचे. बाईंनी व्हिडिओ बाजूला ठेवून त्यांत उल्लेख असलेले मूळ शोधनिबंध मिळवले होते, वाचले होते, आणि लाल शाईने त्यांवर शेरे मारले होते. दोन भेटी आम्ही त्या वहीतच घालवल्या. समुपदेशनात असं करतात का, असं कुणी विचारेल. एखाद्याचं दुःख वहीतून येत असेल तर वही उघडायची, एवढंच मला कळतं.

डावीकडे पहिलंच नाव पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञांचं. हृदय थांबून पुन्हा सुरू झालेले ३४४ रुग्ण त्यांनी तपासले. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे छापून आलं त्यानुसार ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, त्या अवस्थेतले अनुभव सांगितले. बाईंचा शेरा : 'उरलेल्या २८२ जणांचं काय?'

त्याखाली सॅम पर्निया, अतिदक्षता विभागातले डॉक्टर. हा प्रयोग बाईंना मनापासून आवडला होता. रुग्णालयांच्या खोल्यांत छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कुणी खरोखर शरीराबाहेर पडून छताशी तरंगत असेल तर चित्र दिसायलाच हवं. हृदय थांबण्याचे २०६० प्रसंग नोंदले गेले, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवणारे दोघेच निघाले. त्यातल्या एकाचं वर्णन प्रत्यक्षाशी जुळलंही, पण दोघांच्याही खोल्यांत फळी नव्हती. शेरा : 'मांडणी उत्तम. निरीक्षण शून्य.'

२०२३ मध्ये याच गटाचा पुढचा अभ्यास आला. हृदय बंद, छाती दाबणं चालू, आणि काही रुग्णांच्या मेंदूत तासाभरापर्यंत अधूनमधून शुद्धीवरच्या माणसासारख्या विद्युतलहरी. ही ओळ बाईंनी दोनदा अधोरेखित केली होती. 'मेंदू बंद असताना अनुभव आला' या दाव्याची सगळी भिस्त मेंदू खरोखर बंद होता यावर असते, आणि तेच आता तितकंसं ठाम राहिलेलं नाही.

उजव्या रकान्याला माफी होती असं नाही. २००२ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वर-मागे असलेल्या एका घडीला सौम्य विजेची उत्तेजना दिली, तेव्हा ती स्वतःला वरून पाहू लागली. 'नसते' बाजूचा हा हुकमी एक्का. बाईंनी समासात लिहिलं होतं : 'बटण दाबून घंटा वाजवता येते. म्हणजे दारात कधीच कुणी नसतं असं नाही.'

२१ ग्रॅमच्या आत्म्यावर मात्र त्या खळखळून हसल्या. डंकन मॅकडुगल या अमेरिकन डॉक्टरने मरणासन्न माणसांना तराजूवर ठेवून १९०७ मध्ये तो आकडा छापला. सहा रुग्ण, आणि प्रसिद्ध झालेला आकडा त्यातल्या एकाचा. "सहापैकी एक रीडिंग घेऊन आलेल्या पोराची प्रयोगवही मी तोंडावर मारली असती."

मेंदू जाणीव निर्माण करत नाही, नुसती वाहून आणतो, हाही पक्ष वहीत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९८ मध्ये छापलेल्या व्याख्यानात तो मांडला : लोलक प्रकाश तयार करत नाही, आपल्यातून जाऊ देतो. हल्ली लोक लोलकाऐवजी रेडिओ म्हणतात. बाई म्हणाल्या, "रेडिओ बिघडला तर आवाज खरखरतो, बातमी नाही बदलत. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा बातमीच बदलली होती. इतकी मऊ बाई, शिव्या द्यायला लागल्या."

मग वही मिटून मला विचारलं, "तुमचं मत काय? खरं सांगा."

असं विचारलं की आमच्या व्यवसायात 'तुम्हाला काय वाटतं?' असा चेंडू परत टोलवतात. मला ते बाईंशी बेइमानीचं वाटलं. आजवर जे हाती आहे ते मेंदूकडेच झुकतं असं माझं मत आहे, हे मी सांगितलं. भूल दिली की जाणीव जाते, भूल उतरली की येते, हा रोजचा पुरावा लहान नाही. पण पेशींच्या विद्युत हालचालींतून 'मला दुखतंय' हे दुखणं कसं उगवतं, हे कुणीही समजावून दिलेलं नाही. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. २०२३ मध्ये ते सगळ्यांसमोर हरले आणि वाइनच्या बाटल्या चामर्स यांना देऊन मोकळे झाले.

"म्हणजे पेपर अजून तपासायला आहे," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं असावं.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. माणूस गमावलेले लोक हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा त्यांचं पारडं एका बाजूला झुकलेलं असतं. 'असते' हवं असणारा डाव्या रकान्यातलं काहीही गोड मानून घेतो. त्यांच्याच जिवावर 'तुमच्या माणसाचा निरोप आणून देतो' म्हणणारे जगतात, आणि त्यांच्याइतका मला कुणाचाच राग येत नाही. बाई दोन्ही रकान्यांवर सारख्याच निर्दय होत्या. विज्ञानाची शिस्त आहे म्हणून, असं मी आधी समजत होते. पाचव्या भेटीत विचारलं, "बाई, उद्या कुणी सिद्ध केलं की जाणीव शरीराबाहेर असते, तर तुमचं काय बिघडेल?"

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. सातव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, उपचार कुठवर न्यायचे. हे बोलणं झालं ते यजमानांच्या कॉटशेजारी, अगदी उशाशी. बाई म्हणाल्या होत्या, "आता सोडवा त्यांना. मी दमलेय."

"पहिलं वाक्य त्यांच्यासाठी होतं," बाई म्हणाल्या. "दुसरं माझ्यासाठी. आणि दुसरं जास्त खरं होतं. जाणीव मेंदूतच असेल तर हे संपले. आणि नसेल, तर यांनी ते ऐकलं."

म्हणजे दोन्ही उत्तरं त्यांना नको होती. पहिल्यात माणूस जात होता, दुसऱ्यात अपराध राहत होता. गादी खचली की त्यांना वाटायचं, जाब विचारायला आलेत.

आता मात्र मी घाई केली नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकाच वहीत लिहिले गेलेत, असं म्हटलं. त्यांनी ऐकलं असेल तर ते कानांनी आणि मेंदूनेच ऐकलं असेल, त्यासाठी शरीराबाहेर जायची गरज नाही. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस असं मनात आण, आणि तिच्या मेंदूचे नेमके तेच भाग उजळले जे धडधाकट माणसाचे उजळतात. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात, वरवर काहीच प्रतिसाद नसलेल्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांना दिसलं की शेवटच्या घटकांतही काही जणांचा मेंदू आवाज टिपतो. अर्थ कळतो का, हे त्यातून ठरत नाही. (म्हणून मी नातेवाइकांना नेहमी सांगते, बेशुद्ध माणसाशी बोला, त्याच्याविषयीची चर्चा दाराबाहेर करा.)

"म्हणजे ऐकलं असेल."

"शक्य आहे. इतक्या मोठ्या रक्तस्रावानंतर शक्यता कमी, पण 'नाहीच' असं मी सांगणार नाही."

'त्यांना काही कळलं नाही हो' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. दुसऱ्या कुणाला मी ते कदाचित म्हटलंही असतं. बाईंनी त्यावर लाल शाई ओतली असती.

मग विचारलं, "तुम्ही दमलेय म्हणालात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं का?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं भलतंच उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहतात. "काहीतरीच काय! रोज. शाळेतून आले की उंबऱ्यातलं पहिलं वाक्य तेच. अडतीस वर्षं."

"मग ते काय म्हणायचे?"

"म्हणायचे, बैस मग जरा."

आणि तिथे त्या थांबल्या. पदर, रुमाल असं काही शोधलं नाही, डोळे वाहू दिले. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "गादी खचते तेव्हा ते रागावलेले वाटतात?"

हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. डोळे मिटून, एखादं निरीक्षण आठवावं तसं आठवून पाहिलं. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मोजे काढायला बसायचे ना, तसे. एक पाय वर घेऊन."

त्यानंतर तीन भेटी झाल्या. वही आली नाही. आम्ही बोललो ते यजमानांबद्दल, कागदपत्रांबद्दल, मुलाला काय सांगायचं याबद्दल. दुःख सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडवून बसलं तर त्याला वेगळे उपचार लागतात. बाईंना ते लागतीलसं दिसत नव्हतं, तरी लक्ष ठेवायचं ठरवलं. शेवटच्या भेटीत निघताना त्या दारात थबकल्या. एव्हाना मला 'अगं' म्हणू लागल्या होत्या.

"अगं, काल पुन्हा खचली. मी म्हटलं, अहो, जरा पलीकडे सरका, मला पाय लांब करायचेत."

"मग?"

"सरकले की नाही, काय माहीत. मला झोप लागली."