सिनिऑरिटी म्हणजे सात-बारा नव्हे

पत्र : मॅडम, माझी मुलगी सई, वय २३. बारावी सायन्सनंतर गोंदियाला राहून कमर्शियल पायलटचे लायसन्स घेतले. त्यासाठी कर्ज काढले, जमीन तारण आहे. चौदा महिने घरी बसून आहे. आता एका लहान विमान कंपनीची एटीआर या पंख्याच्या लहान विमानावर को-पायलटची ऑफर आली आहे. माझे मत थांबावे असे आहे. लहान कंपनी उद्या मोठीत विलीन होते आणि लहानीच्या पायलटना सिनिऑरिटी लिस्टच्या तळाशी टाकतात. एअर इंडिया-इंडियन एअरलाइन्सचे आणि आता विस्ताराचे काय झाले ते मी वाचले आहे. मी स्वतः सहकारी बँकेत २६ वर्षे काढली. बँक विलीन झाली आणि कालची पोरे माझ्या वर बसली. मी ज्याला काम शिकवले तो आज माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो. हे हिच्या वाट्याला नको. कोणत्या कंपनीत लागली तर कधी कॅप्टन होईल याची एक्सेल शीट सोबत जोडली आहे. मुलगी सही करायला निघाली आहे, पण तिला व्यवहार कळत नाही. सिनिऑरिटीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित कंपनी कोणती? - वि. द., सासवड

उत्तर : नमस्कार. आधी तुमची एक्सेल शीटच उघडली. मेहनत घेतलीत. २०२९ च्या ओळीत ‘जमीन सुटली’ ठळक अक्षरांत, २०३२ ला ‘कॅप्टन’ हिरव्या रंगात, २०३७ ला ‘मोठे विमान’. ‘लग्न’ नावाचा एक रकाना आहे, त्यात प्रश्नचिन्ह. सगळे रकाने उजवीकडे सरकवत शेवटपर्यंत गेले. सईचे मत कुठेच सापडले नाही.

आणि वर म्हणता, तिला व्यवहार कळत नाही. या लायसन्ससाठी मुलांना ३०० नॉटिकल मैलांचा प्रवास एकट्याने करावा लागतो. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर विमान उतरवायचे आणि परत आणायचे. शेजारच्या सीटवर कोणी नसते. हवामान बघायचे, इंधन मोजायचे, टॉवरशी बोलायचे, सगळे स्वतः. हे करून आलेल्या मुलीला ऑफर लेटर वाचता येत नाही हे मला पटत नाही.

पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे तो रजेचा अर्ज. मूळ पत्रात बँकेबद्दल दीड पान आहे (इथे छापताना कापले, माफ करा) आणि सईच्या ऑफरबद्दल चार ओळी. तुमचा अपमान खरा आहे, त्याला मी उगाच म्हणणार नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाला एका परिपत्रकाने खाली सरकवणे वाईटच. पण तो तुमचा हिशेब आहे आणि तो तुम्ही मुलीच्या खात्यावर मांडताय. तिच्या नोकरीला अजून सुरुवात नाही, आणि तुम्ही तिच्या डिमोशनची काळजी करताय. घरी याबद्दल कधी बोललात का? का घरच्यांनी ते फक्त ‘थांब, घाई करू नकोस’ एवढ्याच शब्दांत ऐकलंय?

आता तुमच्या गैरसमजाकडे. सिनिऑरिटी नंबर तुम्ही सात-बारासारखा धरलाय, एकदा नाव चढले की आपले. तो खरे तर रांगेतला टोकन नंबर आहे. कॅप्टनपदाची, मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगची पाळी त्यावरून ठरते, पण फक्त त्याच दुकानात. कंपनी बदलली की नव्या रांगेत शेवटी उभे राहायचे. दुकानच बंद झाले तर टोकन रद्दीत. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. दुसऱ्या दिवशी यादीतला पहिला आणि यादीतला शेवटचा, दोघेही घरीच होते. त्यांच्याबरोबर गेले ते लॉगबुकातले, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीतले, तास.

‘लहान कंपनीचे पायलट तळाशी जातात’ हे तुमचे सूत्रही टिकत नाही, आणि तुम्ही दिलेल्या उदाहरणातच ते मोडते. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, नाव एअर इंडियाचे राहिले. पण एक कशा झाल्या? फ्लाइटचे कोड २०११ पर्यंत ‘एआय’ आणि ‘आयसी’ असे वेगळे. युनियन दोन. एअर इंडियावाल्यांची गिल्ड, इंडियन एअरलाइन्सवाल्यांची असोसिएशन. पगाराची सूत्रे दोन, कॅप्टन व्हायला लागणारी वर्षे वेगळी. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट पगाराच्या बरोबरीसाठी संपावर गेले. २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाचे मूळ पायलट आजारी पडले, म्हणजे रजेच्या अर्जात पडले. कारण ड्रीमलाइनर, बोइंगचे नवे मोठे विमान. त्यांचे म्हणणे, ही विमाने आमच्या कंपनीने मागवली, ट्रेनिंग आम्हाला. इंडियन एअरलाइन्सवाल्यांना त्यात वाटा दिला तर आमची बढती लांबणार. तो संप ५८ दिवस चालला, शंभरावर पायलट बडतर्फ झाले. ज्या विमानासाठी हे सगळे, ते तोवर ताफ्यात आलेही नव्हते. लक्षात घ्या, ज्यांचे नाव टिकले तेच ‘आम्ही बुडालो’ म्हणत रस्त्यावर होते.

अमेरिकेतला किस्सा तर याहून कडू. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या, नाव यूएस एअरवेज. ही जुनी कंपनी दोनदा दिवाळखोरीत जाऊन आलेली, सोळा-सतरा वर्षे नोकरी झालेले पायलटही तिने घरी बसवलेले. अमेरिका वेस्ट तरुण, तिथे भरती चालू. दोन रांगांची एक रांग कशी करायची? जुन्या कंपनीवाले म्हणाले, रुजू झाल्याच्या तारखेने. दुसरे म्हणाले, आज कोण कोणत्या खुर्चीत बसलाय त्यावरून. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये यादी दिली. मोठ्या विमानांवरचे यूएस एअरवेजचे पाचशेच्या वर पायलट सर्वांत वर, मग दोन्हीकडचे त्यांच्या जागेच्या प्रमाणात एकात एक गुंफलेले, आणि घरी बसवलेले तळाशी. सतरा वर्षे झालेला माणूस नुकत्याच लागलेल्याच्या खाली. तुमची बँक आठवली ना? जुन्या कंपनीवाले संख्येने जास्त होते. त्यांनी मतदान करून युनियनच बदलली आणि ती यादी कधी लागूच होऊ दिली नाही. कितीतरी वर्षे विमानांवर रंग एक, पण दोन्हीकडचे पायलट एका कॉकपिटमध्ये बसत नव्हते. माझ्या मते लवादाचा तर्क बरोबर होता आणि तरीही त्या सतरा वर्षेवाल्याचे दुःख खोटे नव्हते. यात सगळ्यांना न्याय वाटेल अशी यादी निघतच नाही.

आणि विस्ताराचे म्हणाल तर पायलटना आधी लागलेली झळ नंबरापेक्षा पगाराची होती. दरमहा ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे हमखास मिळायचे, नव्या करारात हमी ४० तासांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये बरेच जण ‘आजारी’ पडले, फ्लाइट रद्द झाल्या, आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीनीकरण ठरल्याप्रमाणे झालेच. तुमच्या शीटमध्ये पगाराचा एकच आकडा आहे, दरवर्षी दहा टक्के वाढवलेला. तासांची हमी किती, हा रकाना नाही.

तेव्हा ‘सर्वांत सुरक्षित कंपनी’ मी सांगणार नाही, कारण तशी कोणी सांगू शकत नाही. जो सांगेल त्याला फी देऊ नका. बारावीचे फिजिक्स-मॅथ्स, मेडिकल, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर, दोनशे तासांचे उड्डाण हे सगळे सईने पार केले आहे, त्यावर लिहीत नाही. आज तिच्याकडे नाहीत ते फक्त तास. कॅप्टन व्हायचे तर एटीपीएल हे वरचे लायसन्स हवे, त्याला १५०० तास हवेत, मग ते कोणाच्याही विमानात भरोत. चौदा महिन्यांत लॉगबुकात भर किती पडली? इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी, दरवर्षी तपासून घ्यावे लागते, हात गंजतो, आणि मोठ्या कंपनीच्या दारात उद्या तिच्याबरोबर ताजे हात असलेली पोरे उभी असणार. कर्जाचे व्याज मात्र थांबलेले नाही, हे बँकवाल्या माणसाला मी काय सांगू.

तिने सही करावी. डोळे मिटून नव्हे. एटीआरचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानापुरती परवानगी, एअरबसवर चालत नाही, पुढे तिकडे जायचे तर ते नव्याने घ्यावे लागेल. आताच्या रेटिंगचा खर्च कोण करणार आणि त्यापोटी बाँड किती वर्षांचा, हे कागदावर पाहावे. को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही हिशेबात धरावी. विलीनीकरण झालेच तर तिलाही त्रास होईल, चिडचिड होईल, कदाचित चार-पाच वर्षे मागे पडेल. तेव्हा तिच्या खात्यात दोन-तीन हजार तास असतील. त्या दिवशी तिला कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर या घरात ते दुखणे कळणारा एक माणूस आहे. तो आतापासूनच ‘मी सांगितले होते’ म्हणायची तयारी करत नसला म्हणजे झाले.

सई, हे तूही वाचशील असे धरून चालते. ऑफर लेटरची पीडीएफ मला पाठव, बाँडचे पान आधी. कंपनीने उत्तराला मुदत किती दिली आहे तेही लिही. पत्रात बाबांनी ती तारीख दिलेली नाही.