इमर्जन्स (अनेक गोष्टी एकत्र आल्यावर एकेकटीत नसलेलं नवं वागणं दिसणं) खरंच असतं, की आपल्याला हिशोब जमत नाही म्हणून दिलेलं ते नाव आहे?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, शेवटी सगळं म्हणजे क्वार्क आणि इलेक्ट्रॉन हे सूक्ष्म कणच, बाकी तापमान, चुंबकत्व, प्रवाह ही आपण सोयीसाठी ठेवलेली नावं, पुरेसा मोठा कॉम्प्युटर मिळाला की इमर्जन्स हा शब्दच लागणार नाही. मला विचाराल तर त्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. मी नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो आणि हा प्रश्न बरीच वर्षं डोक्यात घर करून बसलाय, म्हणून जरा लांब लिहितोय.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडे सगळे एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर डोक्यावरून गेलं होतं. (बाहेरच्यांसाठी सांगतो, गोदाघाटावरची ही मोठी मूर्ती, अख्खं शहर तिच्यावरून पूर मोजतं.) आता समजा त्या कॉम्प्युटरने नदीतल्या प्रत्येक रेणूची जागा आणि वेग लिहून दिला. त्या यादीत पूर कुठे दिसतो? तो दिसायला पातळी, दाब, प्रवाहाचा वेग या कल्पना आधी आपल्याकडे असाव्या लागतात, आणि त्या यादीतले अब्जावधी रेणू इकडचे तिकडे केले तरी मारुतीच्या कमरेचं पाणी कमरेलाच राहतं. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. वरच्या पातळीवरच्या नियमाला खालच्या बारीकसारीक गोष्टींनी फरक पडत नाही, आणि हे का पडत नाही हे नुसती यादी कितीही लांब केली तरी कळत नाही.

इतिहास बघा ना. नाव्हिएने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं मांडली. अणू खरोखर असतात का यावर त्यानंतरही कित्येक वर्षं वाद चालू होता, पेरँचे १९०८ चे प्रयोग आल्यावर तो मिटत गेला. मग न्यूक्लियस सापडला, क्वार्क सापडले, आणि नदीच्या समीकरणात एक अक्षर बदलावं लागलं नाही. रेणूंची सगळी हकीकत घनता आणि विस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) अशा दोन-चार आकड्यांत मावते, बाकीची वरपर्यंत पोचतच नाही.

हे नशिबाने जुळून आलंय असं वाटत असेल तर अजून एक उदाहरण. पाणी साधारण ३७४ अंश सेल्सियसला आणि २१८ ॲटमॉस्फिअर दाबाला नेलं की द्रव आणि वाफ यातला फरक संपतो. काही चुंबकांचं चुंबकत्व ठराविक तापमानाला संपतं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी फरक कसा मावळत जातो ते सांगणारा घातांक दोन्हीकडे एकच, साधारण ०.३३. केनेथ विल्सनने १९७१ मध्ये याचं कारण दाखवलं (१९८२ चं नोबेल त्यासाठीच), की आपण जसजसं लांबून बघत जातो तसतसे तपशील गळत जातात आणि शेवटी फक्त मिती आणि सिमेट्री अशा मोजक्या गोष्टी उरतात. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, खरंच सांगतो.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते क्वांटम हॉल परिणामाचं उदाहरण. १९८० मध्ये फॉन क्लिट्झिंगला दिसलं की अगदी कमी तापमानात आणि जोरदार चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या पातळ थराचा हॉल रोध (प्रवाहाच्या आडव्या दिशेचं व्होल्टेज भागिले प्रवाह) नेमक्या पायऱ्यांवर येऊन थांबतो, २५,८१२.८०७ ओहम किंवा त्याला पूर्णांकाने भागून येईल तेवढा, मग नमुन्यात थोडी अशुद्धी असो की त्याचा आकार वेडावाकडा असो. दोन वर्षांनी त्सुई आणि श्टोर्मर यांना अपूर्णांकाच्या पायऱ्याही सापडल्या, आणि १९८३ मध्ये लाफलिनने सांगितलं की तिथे जे कण असल्यासारखे वागतात त्यांचा भार इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश असतो. पुढे तो मोजलाही गेला. एकही इलेक्ट्रॉन फुटलेला नसतो! एक तृतीयांश भार त्यातल्या कुठल्याच एका कणाकडे नाही, तो सगळ्यांच्या मिळून वागण्यात आहे. आता याला सोयीचं नाव म्हणणार का?

पण इथून उडी मारून कोणी म्हणालं की म्हणजे भौतिकशास्त्राच्या पलीकडची शक्ती आली, तर तेही मला पटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात सुरुवातीलाच मूलभूत नियम मान्य केलेत. त्याचं म्हणणं एवढंच की खाली उतरता येतं म्हणून त्याच नियमांपासून सुरू करून वर सगळं जग उभं करता येईलच असं नाही. खालून वर कधीच समजावता येणार नाही असं खरंखुरं नवं काही असतं, हा याहून कडक दावा, आणि तो करणाऱ्यांनी एकदा मार खाल्लाय. तत्त्वज्ञ ब्रॉडने १९२५ मध्ये रासायनिक संयुगांचे गुण तसे असावेत असं मांडलं, आणि १९२७ मध्येच हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनचा बंध क्वांटम मेकॅनिक्समधून काढून दाखवला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मनाचं काय. आपल्याकडे चार्वाकांच्या नावावर विड्याचा दृष्टान्त सांगतात, पान, सुपारी, चुना एकत्र चघळल्यावर लाली येते तसं पृथ्वी, पाणी अशा महाभूतांच्या संयोगातून चैतन्य येतं. दृष्टान्त सुंदर आहे पण विड्याची लाली आपल्याला उलगडते, सुपारीतल्या द्रव्यांवर चुन्याची क्रिया होते. चैतन्याच्या बाबतीत सुपारी कुठली आणि चुना कुठला हेच अजून कुणाला दाखवता आलेलं नाही, म्हणून क्वांटम हॉलचा दाखला देऊन मनाबद्दल काही सिद्ध झालं असं मी तरी म्हणणार नाही.