फोन लावणाऱ्याला शिक्षा नको

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते. मुलाच्या कॉलेजात पालक प्रतिनिधी आहे. गेल्या महिन्यात हॉस्टेलवर एका मुलानं एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेतली. त्याची छाती इतकी धडधडायला लागली की घाबरून रूममेटनं वॉर्डनला उठवलं. कॉलेजनं दोघांनाही काढून टाकलं. आता सगळ्या मुलांची लघवी तपासायचा ठराव येतोय. सोमवारी बैठक आहे. मी काय बोलू?
– एक आई

उत्तर: आधी त्या रूममेटविषयी बोला. त्यानं मित्राचा जीव वाचवला आणि त्याचीच शिक्षा भोगतोय. आता त्या हॉस्टेलवर पुढचा मुलगा वॉर्डनचं दार वाजवेल का?

बावीस वर्षं मी ठाण्यात समुपदेशन करतेय. नौपाड्यातल्या एका मुलाला त्याच्या मित्रांनी रिक्षातून आणलं, रुग्णालयाच्या फाटकाशी टेकवून बसवलं आणि पळाले. तो वाचला. त्यातला एक मित्र पुढे माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, ‘‘मॅडम, १०८ टाइप केलं होतं. हिरवं बटण दाबलं नाही. कॉलेजला कळलं असतं तर वर्ष गेलं असतं.’’ त्याआधी चाळीस मिनिटं ते मित्राच्या तोंडावर नुसतं पाणी मारत होते.

समितीला सांगा, कॉलेजचा नियम कायद्याहून कडक आहे. १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा मवाळ नाही, एमडीही २०१५ पासून त्यात आहे. पण त्यातच कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला गेला, तर त्याला त्या खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. जी वाट कायद्यानं ठेवली, ती कॉलेजनं का बंद करावी? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये, ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला; नंतर बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले.

लघवी तपासणीला माझा ठाम विरोध आहे. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे दिसतो, एमडी काही दिवसांत निघून जाते. मुलांना हे आपल्याआधी कळतं. म्हणजे तपासणीच्या धाकानं गांजावाला एमडीकडे वळायची भीती. शिवाय एकदा पॉझिटिव्ह आलेल्या पोराचं पुढे काय करायचं, हे तुमच्या ठरावात कुठे लिहिलंय का?

त्याऐवजी एवढंच लिहून न्या: ‘स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या प्रसंगाबद्दल कारवाई होणार नाही. सेवन करणाऱ्याला आधी समुपदेशकाकडे पाठवलं जाईल.’ विकणाऱ्याचा नियम वेगळा ठेवा, त्यात ढिलाई नको. ओळखपत्राच्या मागे १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक छापायला सांगा.

आणि बैठकीआधी त्या रूममेटच्या आईला एक फोन करा. त्याला परत घ्या, हा तुमचा पहिला मुद्दा असू द्या.