प्रोग्राम थांबणार की नाही, हे आधीच सांगणारा प्रोग्राम का नसतो?

रात्रभर चालूनही न थांबलेला प्रोग्राम कायमचा अडकला आहे की नुसता वेळ घेतो आहे, हे ओळखणारा प्रोग्राम कोणी का लिहीत नाही, असे आपण विचारले आहे. इंदुरात राजवाड्याजवळ मी संगणकाच्या शिकवण्या घेतो. तिथेही हा प्रश्न दरवर्षी निघतो.

काही वेळा दोष सहज सापडतो. एका विद्यार्थिनीने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शून्यात ०.१ मिळवत जाणारे आणि बेरीज बरोबर १ झाली की थांबणारे लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) लिहिले होते. ते थांबेना. संगणकाच्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ हे अंक वापरून) ०.१ नेमका मांडता येत नसल्यामुळे दहाव्या फेरीला बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते आणि पुढच्या फेरीत १ ओलांडून जाते. तिने अट 'एकापेक्षा कमी असेपर्यंत' अशी केली, तेव्हा ते थांबले, पण एक फेरी जास्तीची घेऊन!

सगळीकडे इतके सोपे नसते. कोणतीही धन पूर्ण संख्या घ्या. ती सम असेल तर तिची निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि १ आला की थांबा. २७ पासून निघाल्यास ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ येतो. परंतु अशा प्रत्येक संख्येपासून तो येतोच, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

असा निर्णय सर्वच प्रोग्रामांबाबत देता येणार नाही, हे दाखवणारा ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातील युक्तिवाद आजच्या भाषेत असा मांडता येईल. समजा, कोणताही प्रोग्राम दिलेल्या इनपुटवर थांबेल की नाही, याचा अचूक निर्णय देणारा 'निवाडा' आपल्याजवळ आहे. मग मी 'उलटा' नावाचा प्रोग्राम लिहितो: हाती आलेला प्रोग्राम स्वतःच्याच मजकुरावर (तोच इनपुट म्हणून दिल्यास) थांबेल, असे निवाड्याने सांगितले, तर उलटा कायम फिरत राहतो, थांबणार नाही म्हटले, तर लगेच थांबतो. आता उलट्याला त्याचाच मजकूर द्या. निवाडा काहीही म्हणो, तो खोटाच पडतो. म्हणजे असा निवाडा असूच शकत नाही.

गंमत म्हणजे त्या निबंधात न थांबणे हा दोषच नव्हता. अंकांमागून अंक अखंड छापत जाणारे यंत्र ट्युरिंग यांच्या लेखी चांगले. मध्येच छापणे बंद पडणारे वाईट. आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे मुख्य लूपही थांबले तरच तक्रार होते.

आपल्या प्रोग्रामपुरते सांगायचे, तर प्रत्येक फेरीत लूपमधील सर्व चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) किमती छापून पाहा. बाहेरून नवे इनपुट येत नसताना सगळ्या किमती जशाच्या तशा पुन्हा दिसल्या, तर तो अडकला आहे, हे नक्की. दिसल्या नाहीत, तर त्यावरून मात्र काहीच ठरत नाही.