घरचे मेयोनीज की विकतचे? माझी निवड आणि तिची कारणे

घरी केलेले मेयोनीज विकतच्यापेक्षा खरोखर चांगले लागते का, आम्ही ते कशाकशात वापरतो आणि आपण मिक्सरमध्ये दोनदा केलेले मेयोनीज दोन्ही वेळा का फुटले असावे, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यातील आमच्या घरी गेली बारा वर्षे मेयोनीज करत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी निवड आधीच सांगते. जिथे मेयोनीजची चव जिभेला थेट लागणार आहे, तिथे मला बलकाचे, लिंबाने आंबट केलेले, साखरेचा कणही नसलेले घरचे मेयोनीजच हवे असते. जिथे ते तव्यावर भाजले जाणार आहे किंवा डब्यात चार तास राहणार आहे, तिथे मी बाटलीतले वापरते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दोन्हींची तुलना करण्यापूर्वी आपल्याकडील बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत, कारण आपण ज्यांची तुलना करतो ते पुष्कळदा दोन वेगळे पदार्थ असतात. भारतात किराणा दुकानात मिळणारे बहुतेक मेयोनीज अंड्याविना केलेले असते. त्यात तेलाखालोखाल पाणी आणि साखर असते, पुढे दुधाची भुकटी असते आणि मग १४२२ किंवा ४१५ असे आकडे येतात. यांपैकी १४२२ म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च आणि ४१५ म्हणजे झँथन गम. बलकाने जे काम करायचे, ते या दोघांकडून करून घेतलेले असते. २११ आणि २०२ हे आकडे दिसले, तर ती टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये आहेत. हे सारे कायदेशीर आहे, त्यामुळे मी कोणाला घाबरवत नाही. मात्र अमेरिकेच्या नियमानुसार मेयोनीज म्हणवणाऱ्या पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक असावाच लागतो, तर बेल्जियममध्ये १९५५ च्या शाही आदेशाने किमान ८० टक्के स्निग्धांश आणि ७.५ टक्के बलक अशी अट घातली होती. आपली अंडेविरहित बाटली या दोन्ही व्याख्यांत बसली नसती. ज्यांनी आयुष्यात फक्त तीच चाखली आहे, त्यांना घरचे मेयोनीज पहिल्या घासाला अनोळखी वाटते, कारण त्यात गोडवा नसतो आणि बलकाचा स्वाद पुढे येतो. माझ्या नणंदेच्या मुलांना ते पहिल्यांदा आवडले नव्हते आणि त्यात मला नवल वाटले नाही.

विकतचे सगळेच मला नावडते असेही नाही. माझ्या भावाने टोकियोहून आणलेले क्यूपी मी वर्षभर पुरवून पुरवून वापरले होते. १९२५ पासून जपानमध्ये विकले जाणारे हे मेयोनीज पूर्ण अंड्याचे नसून फक्त बलकाचे करतात, आणि त्यात मोनोसोडियम ग्लुटामेटही असते. त्यामुळे ते रंगाने पिवळसर, दाट आणि चवीला भरीव लागते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे ड्यूक्सची बरणी असते. युजेनिया ड्यूक यांनी १९१७ मध्ये साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे सँडविच विकता विकता नावारूपाला आणलेले हे मेयोनीज आजही साखरेविना केले जाते. घरच्या चवीच्या सर्वांत जवळ जाणारे विकतचे मेयोनीज मला तेच वाटले.

आता आपले मेयोनीज का फुटले, त्याकडे येते. मेयोनीज म्हणजे थोड्याशा पाण्यात खूप तेलाचे सूक्ष्म थेंब अडकवून ठेवलेले मिश्रण. पाणी येते ते बलकातून, लिंबाच्या रसातून किंवा व्हिनेगरमधून, आणि थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बलकातील लेसिथिन व प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच धरतात. सुरुवातीला तेल भराभर ओतले, तर त्याचे बारीक थेंब होण्याआधीच ते एकत्र येते आणि मिश्रण फुटते, हे कारण सर्वांना ठाऊक असते. मला मात्र आपल्या बाबतीत कारण आपल्या भांड्यात दिसते. आपल्याकडील मिक्सरचे भांडे मोठे असते, एक बलक त्याच्या तळाशी पात्यांखाली पसरून बसतो, पाती वरच्यावर फिरत राहतात आणि आपण ओततो ते तेल न फेटताच साचत जाते. मिक्सरमध्येच करायचे असेल, तर चटणीचे लहान भांडे घ्यावे आणि नुसत्या बलकाऐवजी पूर्ण अंडे घालावे, म्हणजे पाती बुडतील एवढा ऐवज होतो. मिक्सर सलग चालवू नये, कारण भांडे तापते. हँड ब्लेंडर आणि उभी, अरुंद बरणी असेल तर फारच सोपे जाते.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला उमजायला बरेच दिवस लागले: तेल वाढले की मेयोनीज पातळ होत नाही, घट्ट होते. थेंबांची गर्दी वाढते आणि मधले पाणी अपुरे पडू लागते. नवशिका माणूस फार घट्ट झालेले पाहून सैल करण्यासाठी आणखी तेल घालतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ते फुटते. अशा वेळी चमचाभर कोमट पाणी किंवा लिंबाचा रस घालावा. फुटलेले टाकूनही देऊ नये. स्वच्छ वाडग्यात एक नवा बलक किंवा नुसते चमचाभर पाणी घेऊन त्यात फुटलेले मिश्रण थेंबाथेंबाने फेटत गेले, की ते पुन्हा जमून येते. माझे आजवर एकदाही वाया गेलेले नाही.

माझे स्वतःचे प्रमाण असे आहे. एक बलक, अर्धा चमचा मोहरीची पूड, पाव चमचा मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस एकत्र फेटून घ्यायचा, आणि त्यात सुमारे १७५ मिलिलिटर तेल घालायचे. पहिले दोन चमचे तेल अक्षरशः थेंबाने, नंतर बारीक धारेने. अंडे फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेले असावे. तेलाच्या बाबतीत मी एक चूक केली होती, ती सांगून ठेवते. घाण्याचे शेंगदाणा तेल आमच्या घरी फोडणीला वापरतात, म्हणून मी अभिमानाने तेच घेतले. मेयोनीज सुरेख जमले, पण त्याला इतका दाण्याचा वास आला की दुसरे काही जाणवेना. तेव्हापासून मी रिफाइंड सूर्यफूल तेल घेते आणि लसूण-मिरचीचे मेयोनीज करायचे असेल तेव्हाच दोन चमचे घाण्याचे तेल शेवटी घालते. त्या जोडीला तो वास शोभतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलही ब्लेंडरमध्ये वेगाने फिरवले तर कडू होते. ते हवेच असेल, तर थोडेसे शेवटी हाताने मिसळावे.

माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत, आणि त्यांच्यासाठी बाटलीच आणायची, हे मला बरे वाटत नव्हते. त्यावर उपाय सापडला तो दुधाच्या मेयोनीजचा, जे पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये घरोघरी करतात. उभ्या बरणीत १०० मिलिलिटर थंड सायीचे दूध आणि त्यावर २०० मिलिलिटर तेल घ्यावे, हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करावा आणि मिश्रण खालून पांढरे होऊ लागेपर्यंत तो मुळीच हलवू नये. मग हळूहळू वर उचलावा. इथे बलकाचे काम दुधातील प्रथिने करतात. शेवटी लिंबाचा रस, मीठ आणि लसणाची एक पाकळी घालून पुन्हा फिरवले की ते लिंबामुळे आणखी घट्ट होते. या मेयोनीजला बलकाची खोली नाही, हे मी मान्य करते. पण ते ताजे आणि हलके लागते, साखरेशिवाय होते, आणि सासूबाई काकडीच्या सँडविचमध्ये ते आवडीने घेतात. काबुली चणे शिजवलेले दाट पाणी वापरूनही असे मेयोनीज होते. मी ते दोनदा केले, पण मला दुधाचेच अधिक आवडले.

कच्च्या अंड्याविषयी मात्र मी आग्रहाने लिहिणार आहे. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षासाठी आणि तमिळनाडूने ८ एप्रिल २०२५ पासून एका वर्षासाठी घातली. शोरमा आणि मोमोच्या गाड्यांवर सकाळी केलेले मेयोनीज रात्रीपर्यंत उघड्यावर राहते आणि त्यात साल्मोनेला जंतू वाढू शकतात, ही भीती काल्पनिक नाही. कारखान्यातील अंडे घातलेले मेयोनीज सहसा पाश्चरीकृत अंड्याचे आणि पुरेसे आम्ल असलेले असते, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकते. घरच्याला ही दोन्ही संरक्षणे आपोआप मिळत नाहीत. मी म्हणूनच शक्यतो बलक शिजवून घेते. दोन बलक, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे पाणी एका लहान भांड्यात घेऊन ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरायचे आणि सतत ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे. लिंबू आणि पाणी असल्यामुळे बलकाच्या गुठळ्या होत नाहीत. स्वयंपाकघरातील तापमापक त्यासाठी जरूर घ्यावा, नुसत्या अंदाजावर जाऊ नये. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर त्यात एक कप तेल धारेने फेटायचे. एवढे करूनही मी ते फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवते, आणि घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर कच्च्या बलकाचे करण्याचा विचारही मनात आणत नाही.

ते वापरते कशात, हा आपला तिसरा प्रश्न, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा. घरच्या मेयोनीजचे खरे सार्थक उकडलेल्या बटाट्यात होते. बटाटे सोलून फोडी गरम असतानाच त्यांवर व्हिनेगर आणि मीठ शिंपडावे, कारण गरम बटाटा ते आत शोषून घेतो. गार झालेला घेत नाही. मेयोनीज मात्र बटाटे पूर्ण गार झाल्यावरच घालावे, नाहीतर ते वितळून तेल सुटते. त्यात वाफवलेले मटार, गाजर आणि उकडलेले अंडे घातले की आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत रशियन सॅलड म्हणून वाढतात तो पदार्थ होतो. मॉस्कोतील एर्मिताज उपाहारगृहात १८६० च्या दशकात जन्मलेले ते सॅलड आज मुंबईच्या केटररकडे गोड झालेले असते, आणि मला ते पाहून वाईट वाटते, कारण आंबट, मोहरीचा झणका असलेल्या मेयोनीजने त्याची चव कितीतरी उंचावते. कोबीच्या सॅलडसाठी कोबी बारीक चिरून मीठ लावून अर्धा तास ठेवावा आणि पिळून घ्यावा; हे न केल्यास तासाभरात वाटीच्या तळाशी पाणी साचते.

दुसरा वापर मासळीबरोबर. रवा लावून तळलेल्या सुरमईच्या तुकडीला लिंबू पिळतो, ते बरोबरच आहे, पण घरच्या मेयोनीजमध्ये बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी घालून ते शेजारी ठेवून पाहावे. कुरकुरीत रव्याला तो गारवा आणि आंबटपणा फार मानवतो. आमच्याकडे आलेल्या मालवणच्या काकांनी आधी नको म्हटले होते आणि नंतर दुसऱ्यांदा मागून घेतले.

बाटलीतले मेयोनीज मी मुख्यतः सँडविचच्या बाहेरच्या बाजूला लावते. पावाला आतून हिरवी चटणी आणि लोणी, आणि बाहेरून लोण्याऐवजी मेयोनीजचा पातळ थर लावून तव्यावर भाजले, तर तो सगळीकडे सारखा सोनेरी होतो. फ्रीजमधल्या लोण्यासारखे त्याला मऊ होण्याची वाट पाहावी लागत नाही आणि ते लवकर करपतही नाही. स्टार्चमुळे बाटलीतले मेयोनीज उष्णतेत घट्ट राहते, तर माझे घरचे फुटते, म्हणून इथे बाटलीच योग्य. पनीरला किंवा कोंबडीला तंदूरी मसाला लावताना त्यात दोन चमचे मेयोनीज मिसळले, तर मसाला घट्ट चिकटून राहतो. मुलीच्या डब्यातील पोळीच्या रोलमध्येही मी बाटलीतलेच घालते. दुपारपर्यंत वर्गातल्या उकाड्यात राहणाऱ्या डब्यात घरचे मेयोनीज देण्याची जोखीम मी घेणार नाही.

डोसा, पिझ्झा आणि मिसळ यांवर मेयोनीज घालण्याची पद्धत मला पटत नाही. मिसळीचा तिखटपणा त्याने दबतो आणि तर्रीत ते वितळून नुसते तेल होते.

एका मोठ्या चमच्यात जवळजवळ शंभर कॅलरी असतात, त्यामुळे मी एका वेळी एका-दोघा बलकांहून अधिक करत नाही आणि ते संपेपर्यंत नवे करत नाही. आपण पुन्हा प्रयत्न कराल, तेव्हा पहिल्या खेपेला मिक्सर बाजूला ठेवून वाडगा आणि हाताने फेटण्याची तारेची रवी घ्यावी, आणि वाडग्याखाली ओला फडका गुंडाळून ठेवावा, म्हणजे एक हात तेलाची धार धरायला मोकळा राहतो. उरलेला पांढरा भाग झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. मी तो दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटमध्ये घालते.