तिची वही आधी तिला परत द्या, एफडीचं नंतर बघू

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे वडील लिहितात. मुलगी 12वी सायन्सला आहे, आठवीपासून कविता करते. वडिलांना तिचा प्रचंड अभिमान. तिच्या वहीतल्या कवितांचे फोटो काढून ते नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, ऑनलाइन काव्यस्पर्धांमध्ये तिचं नाव देतात, आत्तापर्यंत 63 ई-सर्टिफिकेटं जमलीत. आता एक प्रकाशक 38,000 रुपयांत तिचा कवितासंग्रह काढून द्यायला तयार आहे, त्यासाठी एफडी मोडू का असा प्रश्न आहे. मुलीला स्वतःला बीएस्सी ॲग्री, म्हणजे शेतीतली डिग्री करायचीय पण वडिलांना वाटतं की तिथे तिची कला वाया जाईल, म्हणून "ताई, कवी व्हायला नेमका कोणता कोर्स आहे ते सांगा."

दादा, पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीये, "हल्ली ती वही कपाटात कुलूप लावून ठेवते, दाखवत नाही, स्वभाव चिडका झालाय." तुम्ही ही ओळ जाता जाता लिहिली पण माझ्यासाठी सगळं पत्र त्या एका ओळीतच आहे. सतरा वर्षांची मुलगी वहीत काय लिहिते? जे आईला सांगता येत नाही, मैत्रिणीला सांगितलं तर ती हसेल, ते लिहिते. आणि ते ऑफिसच्या ग्रुपवर जातं, खाली पंचवीस अंगठे येतात, कुणीतरी काका विचारतात की ही विरहाची कविता कुणावर गं, पुढच्या लग्नात चारचौघांत तिला "चल म्हणून दाखव" होतं. कुलूप लावेल नाहीतर काय करेल? तिचा स्वभाव चिडका झालेला नाही. तिची एकच खाजगी जागा होती, तिथे गर्दी झाली, आणि ती गर्दी तिच्या बाबांनीच आणली. तुम्ही हे प्रेमाने केलंत यात मला तिळमात्र शंका नाही, पण प्रेमाने केलेलं दडपण हे दडपणच असतं, आणि त्यात मुलांची जास्त पंचाईत होते कारण रागावायचं तरी कुणावर.

पत्रासोबत तुम्ही तिच्या दोन कविता पाठवल्यात. मी त्या वाचल्या नाहीत. तिला विचारून पाठवल्या असं पत्रात कुठे दिसलं नाही म्हणून फोटो न उघडता डिलीट केले. ती स्वतः पाठवेल तेव्हा अगदी आवडीने वाचेन.

आता 38,000 चं बघू. कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं झालं. त्यात लिहिलंय 300 प्रती, त्यातल्या 250 लेखिकेला घरपोच, नामवंतांची प्रस्तावना, आयएसबीएन, कॉपीराइट, प्रकाशन सोहळा, स्मृतिचिन्ह. दादा, हे घरपोच 250 नीट बघा. 300 मधल्या 250 प्रती तुमच्याच घरी येणार असतील तर ती माणसं पुस्तक विकणार कुणाला? विकायचा त्यांचा विचारच नाहीये, त्यांचं गिऱ्हाईक तुम्ही आहात, आणि ते तुम्ही एफडी मोडलीत त्याच दिवशी मिळालं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या घरांमधून मी असे गठ्ठे बघितलेत, सुतळीने बांधलेले, दिवाणाच्या कप्प्यात, पाहुणे आले की एक काढून सही करून द्यायची. कुणी मोठं माणूस स्वतःच्या पैशाने, समजून उमजून पुस्तक काढत असेल तर माझं काही म्हणणं नाही, चांगल्या चांगल्या लोकांनी तसं केलंय. पण ती अजून 18 ची नाही म्हणजे कायद्याने तिला करार करता येत नाही, त्या कागदावर तिच्या वतीने सही तुमची असणार. ज्या कविता तिने कुलपात ठेवल्यात त्यांच्यावर तुमची सही, हे मला अजिबात पटत नाही.

आणि एक मोठा गैरसमज, तो दूर व्हायलाच पाहिजे. तुम्ही लिहिलंय "आयएसबीएन मिळवून देणार म्हणजे पुस्तक शासनमान्य होईल." नाही हो दादा. आयएसबीएन हा पुस्तक ओळखायचा 13 आकडी नंबर आहे, दुकानदाराला, ग्रंथालयाला ऑर्डर देता यावी म्हणून. त्याचा दर्जाशी संबंध नाही, कुणी वाचून पास केलं असा त्याचा अर्थ होत नाही, पाककृतीच्या पुस्तकालाही असतो आणि गाइडलाही. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी देते, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली येते, आणि फुकट देते, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. तुमच्या कोटेशनमध्ये त्याचे 3,000 लावलेत. कॉपीराइटचंही तेच. कविता कागदावर उतरली त्या क्षणी 1957 च्या कायद्याने तिच्यावर तुमच्या मुलीचा हक्क तयार झाला, तो ती असेपर्यंत आणि तिच्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी करायची सक्ती नाही, करायचीच असेल तर सरकारी फी 500 रुपये आहे, इथे 5,000 लावलेत. पालकांना या गोष्टी कुणी सांगत नाही त्यामुळे ते फसतात, आणि फसल्यावर लाजेपोटी बोलत नाहीत.

याहून मोठं नुकसान पैशाचं नाही, ते वेगळंच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ म्हणून सरकारी मंडळ आहे, 1960 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं. त्यांची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याने हस्तलिखित पाठवायचं, जाणकार ते वाचतात, निवडलं गेलं तर पुस्तक काढायला मंडळ अनुदान देतं. म्हणजे इथे कुणीतरी खरंच वाचून ठरवतं आणि पैसे लेखकाच्या बाजूने येतात. आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाने स्वतंत्र पुरस्कार आहे. हे सगळं "पहिल्या" पुस्तकासाठी आहे आणि पहिलं पुस्तक माणसाला एकदाच मिळतं. सतराव्या वर्षी 38,000 भरून ते खर्ची घातलं की ती पंचविशीत खरंच चांगला संग्रह घेऊन उभी राहील तेव्हा ही दारं बंद झालेली असतील. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंत असतो, म्हणजे तिच्याकडे अजून अठरा वर्षं आहेत. तुम्हाला कसली घाई झालीये?

बरं, "कवी व्हायचा कोर्स." नाहीये. भाषेत करिअर करायचं असेल तर बीए एमए मराठी, पुढे प्राध्यापक व्हायला नेट-सेट, पत्रकारिता, भाषांतर, हे रस्ते आहेत, रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय, आणि तिची इच्छा असती तर मी त्यावर पानभर लिहिलं असतं. पण तिला ॲग्री करायचंय. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, मग राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांची कॉलेजं, चार वर्षांची डिग्री, इतकं सरळ आहे ते.

आणि कला वाया जाते हे तुम्हाला कुणी सांगितलं? ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळ पळसखेडला शेती करायचे, कॉलेज सोडून शेतीत आले आणि आयुष्यभर शेतीतच राहिले, विधान परिषदेत गेले तिथेही पाणी आणि शेती यावर बोलले, आणि त्यांची कविता त्या रानातूनच आली. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, नंतर महापालिकेच्या शाळेत शिक्षक, आणि 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करायचे. मराठीत निव्वळ कवितेवर घर चालवलेला माणूस शोधायला गेलात तर दमाल, कारण रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि कवितासंग्रहाच्या प्रती निघतात त्या थोड्याच. म्हणून हातात स्वतःचं उत्पन्न असणं ही कवितेसाठीच चांगली गोष्ट आहे, मग कुणाला खूश करायला लिहावं लागत नाही. माती, बियाणं, रोग, बाजारभाव, हे सगळं शिकलेली मुलगी काय लिहील याचा जरा विचार करा ना. मला तर फार उत्सुकता आहे.

तुम्हाला तिच्यासाठी काही करायचंच आहे ना, मग ते 38,000 बाजूला ठेवा आणि यातलं करा, तेही तिला विचारून.

गावातलं सार्वजनिक ग्रंथालय शोधा. आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, त्यामुळे बऱ्याच लहान गावांतही अनुदान मिळणारं ग्रंथालय असतं, सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाचं का होईना. तिला सभासद करा आणि तिने काय वाचायचं ते तिला ठरवू द्या. वर सांगितलेल्या साहित्य संस्कृती मंडळाने काढलेली पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी विश्वकोश फुकट आहे, मोबाइलवर वाचता येतो.

मग नियतकालिकं. 63 सर्टिफिकेटं देणाऱ्यांपैकी एकाने तरी तिच्या कवितेबद्दल एक वाक्य लिहून पाठवलं का? मला नाही वाटत, कारण तिथे भाग घेईल त्याला मिळतं. संपादक वेगळा असतो. तो नाही म्हणतो. आणि कधीतरी नाही म्हणताना "शेवटच्या दोन ओळी काढून बघा, कविता आधीच संपली आहे" इतकंच लिहितो, ते एक वाक्य त्या सगळ्या सर्टिफिकेटांपेक्षा जास्त कामाचं असतं. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये धुळ्याहून फक्त कवितेसाठी कविता-रती सुरू केलं, अनुष्टुभ आहे, साधना आहे, आणि दिवाळी अंक आहेत, ज्यांची परंपरा 1909 च्या मनोरंजनपासूनची आहे. पद्धत साधी आहे, चार-पाच कविता स्वच्छ टाइप करून, नाव पत्ता लिहून, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायच्या आणि धीर धरायचा. कविता तिने निवडायच्या, तिनेच पाठवायच्या, नकार आला तर तो तिचा आहे, तुम्ही संपादकाला फोन करायचा नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण पालक करतात.

माणसंही लागतात. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 पासूनची, पुण्यात मुख्य ऑफिस आणि तुमच्या भागात ठिकठिकाणी शाखा. विदर्भात विदर्भ साहित्य संघ, मराठवाड्यात मराठवाडा साहित्य परिषद आहे तसंच. काही शाखा जोरात चालतात, काहींत वर्षाकाठी दोन हारतुऱ्यांचे कार्यक्रम होतात, जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. साहित्य संमेलनात कविकट्टा असतो, राज्यभरातून आलेले नवे लोक तिथे एकामागून एक कविता वाचतात. एखाद्या वर्षी तिला घेऊन जा पण वाचायला नाही, ऐकायला. बसून दोनेक तास ऐकलं की आपण काय लिहितो आणि सगळेच काय लिहितात हे ज्याचं त्याला कळतं.

आता शेवटचं, आणि हे मी तुमच्याबद्दल लिहितेय. पत्रात मध्येच तुम्ही लिहिलंय की तुम्हालाही लिहायची आवड होती, घरच्या परिस्थितीमुळे राहून गेलं, आणि तुमच्याही दोन वह्या आहेत. दादा, त्या काढा की. नवलेखक म्हणजे कोवळ्या वयाचाच असं कुणी म्हटलंय, लोक पन्नाशीतही पहिलं पुस्तक करतात. साहित्य परिषदेच्या शाखेचे सभासद तुम्ही व्हा, कविकट्ट्यासाठी नाव तुमचं द्या, संपादकाचा नकार तुम्ही स्वतः झेलून बघा. तुमची राहिलेली इच्छा तिच्या वहीतून पूर्ण होणार नाही, आणि तिने ती करावी ही अपेक्षाही बरोबर नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. ग्रुपवर टाकलेल्या कविता जिथून काढता येतील तिथून काढा. तिच्याशी बोला, भाषण न देता, "मी न विचारता टाकल्या, चुकलं माझं" इतकं पुरे, लगेच ती वही उघडून दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका. प्रकाशकाला नाही कळवा, "ऑफर फक्त या महिन्यापुरती" वगैरे ते म्हणतील, म्हणू द्या. सीईटीच्या फॉर्मची तारीख बघा आणि फॉर्म तिच्यासमोर बसून तिच्या मनासारखा भरा. काही अडलं तर परत लिहा, आणि पुढच्या वेळी कविता पाठवायची असेल तर तुमची पाठवा.