आमच्यानंतर हिचं काय?

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नऊ वर्षांचे केसपेपर आणि सगळ्यात वर तीन रंगीत पत्रकं, 'आजीवन सांभाळ' करणाऱ्या खासगी केंद्रांची. "मॅडम, यातलं कुठलं बरं, एवढंच सांगा. आमचं काय, आज आहोत उद्या नाही. आमच्यानंतर हिचं काय?"

मानसिक आजार असलेल्या मुलांचे आईवडील साठी ओलांडली की हा प्रश्न घेऊन येतातच.

'हिचं' म्हणजे वृषालीचं. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही. वय ३१. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता औषधं नियमित, कानात येणारे आवाज जवळजवळ थांबलेले. ती बाहेर बाकावर बसली होती आणि आत तिच्या उरलेल्या आयुष्याचा व्यवहार चालला होता.

मी तिला आत बोलावलं. "तुला कुठे राहायचंय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "घरीच. पण मला किल्ली पाहिजे."

आजाराच्या सुरुवातीला ती एकदा रात्री घरातून निघून गेली होती, पहाटे स्टँडवर सापडली. तेव्हापासून आईबाबा भाजी आणायला गेले तरी बाहेरून कुलूप. भीती खोटी नव्हती, पण तिची मुदत केव्हाच संपली होती.

काकांना मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं १९वं कलम सांगितलं. मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घर नाही किंवा घरचे नको म्हणतात, एवढ्याच कारणावरून त्याला संस्थेत ठेवून देता येत नाही. त्यांनी मान डोलावली. पण कायदा ऐकून कुणाला झोप लागत नाही, हे मलाही कळतं. काहींना खरोखरच देखरेखीचं घर लागतं. तेही कसं असावं, तर चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेच्या 'होम अगेन'सारखं: साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, चार-पाच जणी, मदतीला एक कार्यकर्ती. त्या पत्रकांतल्या उंच भिंतींसारखं नव्हे. वृषालीला तर एवढंही लागत नव्हतं. तिला किल्ली हवी होती, तीच द्यायची ठरली.

दोन महिन्यांत तिने ती एकदा हरवली. काका तक्रार घेऊन आले. "तुमची आजवर कितीदा हरवली?" मी विचारलं. ते हसले नाहीत, पण नवी किल्ली करून दिली.

पुढची चूक माझी. "पूर्ण बरी झाली की कामाचं बघू," असं आई म्हणत होती आणि मीही मनातून तेच धरून चालले होते. म्हणून मी तिला आधी 'सवय लागावी' म्हणून एका दिवसभराच्या केंद्रात पणत्या रंगवायला धाडलं. सहा दिवस गेली, सातव्या दिवशी घरी. "मला पणत्या आवडत नाहीत," म्हणाली. "मला हिशेब येतो."

आधी तयारी, मग नोकरी, हा क्रम आपल्याला शहाणपणाचा वाटतो. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ जणांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळे गंभीर मानसिक आजाराचे. एका गटाला आवडीची खरी नोकरी लगेच शोधून दिली आणि आधार कामावर असताना दिला. दुसऱ्याला आधी प्रशिक्षण. अठरा महिन्यांत एक दिवस तरी पगारी काम केलेले पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात २८. हा अभ्यास मला ठाऊक होता, तरी पणत्याच आठवल्या.

मग कॉलेजजवळचं एक झेरॉक्सचं दुकान शोधलं. वेळ अकरा ते दोन, कारण सकाळी गोळीची गुंगी असायची. तिने स्वतः मनोविकारतज्ज्ञांना हे सांगितल्यावर त्यांनी रात्रीची गोळी झोपताना न घेता जेवणानंतर लगेच घ्यायला सांगितली आणि सकाळ बरीच मोकळी झाली. (गोळ्यांची वेळ आपल्या मनाने बदलू नका. विचारा मात्र जरूर. लोक वर्षानुवर्षं पेंगत राहतात, पण विचारत नाहीत.)

मालकाला आजाराचं सांगायचं का? काका म्हणाले, नको. आई म्हणाली, सांगून टाका, नंतर बोल नको. मी म्हटलं, हे तिघांपैकी एकीनेच ठरवायचं. तिने आठवडाभर काम केलं आणि मग सांगितलं. मालक म्हणाला, "गल्ल्याचा हिशेब जुळतोय ना? मग झालं."

सगळं इतकं सरळ गेलं नाही. दिवाळीनंतर आवाज परत आले. एका रात्री आईने घाबरून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी वृषाली दवाखान्यात दाखल झाली, बारा दिवस. तेवढ्यात दुकानात दुसरी मुलगी लागली. काका मला म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." मला उत्तर सुचलं नाही. वृषालीला सुचलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या दुकानात गेली, राहिलेला पगार घेतला आणि आणखी कुठे जागा आहे का विचारून आली. एका स्टेशनरीच्या दुकानात दोन महिन्यांनी लागली. दरम्यान मुक्त विद्यापीठाचा बीकॉमचा अर्ज भरला. तिथे एका दमात सगळे पेपर काढावे लागत नाहीत, हे तिला फार सोयीचं.

अपंगत्वाच्या दाखल्यावरून मात्र घरात अजून खडाजंगी आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात मानसिक आजारही येतो. अपंगत्व ४० टक्के किंवा वर ठरलं तर उच्च शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा मिळू शकतात. काकांना 'शिक्का' नको. वृषाली म्हणते, अजून ठरवलं नाही. मी दोघांनाही घाई करत नाही.

२०१७च्या कायद्याप्रमाणे तिने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमलाय, म्हणजे पुन्हा आजारी पडली तर उपचारांच्या निर्णयात तिला मदत करणारं माणूस. काकांनी तिच्या भावाचं नाव गृहीत धरलं होतं. तिने मावशीचं लिहिलं. "दादाला वहिनीला विचारावं लागतं," एवढंच कारण दिलं. काकांनी मग मृत्युपत्राची चौकशी सुरू केली. राहतं घर कुणाच्या नावावर, तिला राहायचा हक्क लिहून कसा ठेवायचा, हे विचारायला वकिलाकडे जाऊन आले. ती पत्रकं पिशवीत अजून आहेत, पण आता सगळ्यात खाली.

गेल्या आठवड्यात काका एकटेच आले, जरा तणतणतच. बँकेतून घरी परतले तर दाराला कुलूप. आई गावाला गेलेली, यांची किल्ली आतच राहिलेली आणि वृषाली कामावर. पाऊण तास जिन्यात बसून होते.

"तिला जरा समजावा, मॅडम," म्हणाले. "निघताना एक फोन करत जा म्हणावं."